दरीतला पाऊस आणि दोस्तांचं गाणं-वाजवणं: बेळगावकडचे अनुभव

बेळगावची एक गंमत बाहेरच्यांना पटकन कळत नाही. पावसाळ्यात पश्चिमेला जांबोटीच्या रस्त्यानं कणकुंबी गाठलीत तर चार हातांवरचा माणूस धुक्यात दिसत नाही. पूर्वेला गोकाकच्या अंगाला गेलात तर त्याच दिवशी रस्त्यावर धूळ. एकाकडं गाडी, दुसऱ्याकडं पेटी आणि रविवार मोकळा, एवढं जुळलं की या दोन दिशांपैकी एक धरायची, हा आमचा रिवाज. तुमचाही असणार, म्हणून हा धागा. 'पाहायलाच हवेत असे धबधबे' छापाच्या याद्या नकोत, त्या ढीगभर आहेत. बरोबर कोण होतं, काय वाजवलं आणि पावसानं त्याचं काय केलं, ते लिहा. दरी नसली तरी चालेल, पाऊस हवा.

शहापूर, बेळगाव

मी तबला वाजवतो, पोटासाठी बँकेत असतो. आमच्यातल्या एकाचं मूळ घर कणकुंबीजवळ, कौलारू. मलप्रभेचा उगम तिथलाच, माउलीच्या देवळाशी. श्रावणात तिथं रात्रभर बैठक करायची टूम निघाली. घरून काळी एकच्या स्वरात लावून नेलेला तबला तिथं पोचेपर्यंत चांगलाच उतरला. हातोडी घेऊन गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकत बसलो. चढवला की थोड्या वेळात परत खाली. चामडं हवेतला ओलावा पीत राहतं, त्यापुढं ठोकून किती ठोकणार? मित्राच्या काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "चुलीपाशी ठेव की रे, पापड ठेवल्यासारखा." ठेवला, पण हातभर लांब, कारण आच जास्त लागली तर पुडी, म्हणजे वरचं चामडं, तडकते. आवाज आला.

पेटीचं दुखणं मोठं होतं. लाकूड फुगून पंचमाची पट्टी दाबलेलीच राहिली, भाता हलवला की ती आपली एकटीच वाजत राहायची. बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांच्या परंपरेत पेटी शिकलेले लोक गल्लोगल्ली भेटतात. आमचा पेटीवाला त्यातलाच, म्हणून हट्टी. त्यानं काडेपेटीतली काडी खोचून ती पट्टी वर अडकवून टाकली आणि विचारलं, "पंचम नसलेलं काय गाणार?" मालकंस, रात्रीचा राग. रात्रही झालीच होती. काकू म्हणाल्या, मालकंस गायला की भुतं येतात म्हणे. मित्र म्हणाला, "या पावसात? वाटेत वाहून जातील." वीज संध्याकाळपासून गेलेली, कौलांवर असा मारा की गाणाऱ्याची तान मला ऐकू येत नव्हती, त्याचा हात बघून समेवर यायचो. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे. त्यात नुसता पाऊस आहे.

जांबोटी रोड (भाजीचा टेंपो चालवतो)

बेळगावची भाजी गोव्याला चोर्ला घाटातून जाते हे ठाऊक असेल. आम्ही रात्री निघतो. कणकुंबी मागं पडली की धारवाड आकाशवाणी खरखरायला लागते, पुढं उतारावर पणजी लागते, मधल्या पट्ट्यात काहीच नाही. तिथं आमचा क्लीनर गातो. भजनी मंडळातला पोरगा, आवाज चांगला आहे. त्याचं गाणं नसतं तर झोप आली असती, एवढं खरं. एकदा मे महिन्यात घाटात वळवानं गाठलं. धुकं नव्हतं, नुसत्या विजा. मी बाजूला घेऊन थांबलो. पोरगा म्हणाला, "मामा, चमकल्यावर मोजूया." आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, हे त्याला शाळेत शिकवलेलं. पहिल्यांदा बारा आले, मग नऊ, मग चार. मग मोजायचं सोडून दोघंही गाडीत हात मांडीवर ठेवून बसलो. लोखंडाला हात लावायचा नाही, खाली उतरून झाडाखाली तर नाहीच नाही. दरीत गडगडाट लगेच संपत नाही, या डोंगरावरून त्या डोंगरावर जातो नि परत येतो, त्यामुळं पुढची वीज कुठली नि मागचा आवाज कुठला ते कळेना. टोमॅटो वेळेवर पोचला नाही. व्यापारी बोलला. बोलूदे.

गोकाक फॉल्स

माझं लहानपण गिरणीच्या चाळीत गेलं, धबधब्याच्या आवाजात. घटप्रभा इथं ५२ मीटर खाली कोसळते, कडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, खाली वालुकाश्माची घळ. कॉलेजात असताना बेळगावचे मित्र आले, एकाकडं गिटार. धबधब्याच्या बऱ्याच खाली, जिथं आवाज जरा कमी होतो तिथं, खडकांवर बसलो. वर निळं आभाळ, अंगाला घाम. गोकाकात तसा पाऊस कमीच. आमच्या नदीचं पाणी येतं ते चंदगड-आंबोलीकडच्या पावसाचं. शिवाय वर हिडकलचं धरण, ५१ टीएमसीचं. ते भरत आलं की दारं उघडतात, मग इथं ऊन असलं काय नि नसलं काय.

गिटारवाला रंगात आला होता. कड्यावरून एक म्हातारबाबा हात हलवत ओरडत होते: "नीर बंतु, म्याल बर्री!" गिटारवाला म्हणाला, "दाद देऊलालेत बघ." मला कन्नड येतं, 'पाणी आलं, वर या' म्हणत होते, म्हणून मी गिटारवाल्याची कॉलर धरली. चढायला लागलो तेव्हा पाण्याचा रंग बदललेला होता, काठानं पालापाचोळा नि फेस. वर पोचून वळून बघितलं तर आम्ही बसलो होतो तो खडक कुठला ते दाखवता येईना. गिटार वाचली, कव्हर गेलं. म्हाताऱ्यांना चहा पाजला. ते मराठीत म्हणाले, "इथं ढग बघून कळत नसतंय बाबा, नदीकडं बघायचं." २०१९च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेल, गोकाकात घरांत पाणी शिरलं होतं. आभाळ बघत बसणाऱ्यांना त्याही वेळी उशीर झाला.

निपाणी

दवण्याच्या पुनवेला आम्ही गल्लीतले सगळे टेंपोनं सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जातो. चैत्र असतो, वळीव कधीही येतो. नवलतीर्थाच्या घळीपाशी एकदा असा आला की ताडपत्री उडाली. चौंडकंवाल्या मावशींनी चौंडकं, म्हणजे देवीच्या गाण्याचं एकतारी वाद्य, पदराखाली घेतलं, स्वतः भिजल्या. चामडं ओलं झालं की तात, म्हणजे त्याची तार, कितीही ओढा, बोलत नाही. पाऊस थांबेपर्यंत टाळ्यांवर "उदं गं आई उदं" चाललं होतं, आणि खरं सांगतो, ते चौंडक्याशिवायही उभं राहिलं.

खडेबाजार, बेळगाव

आमच्याकडं दरी नाही, पण वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे. रात्रभर चालणारी, आणि वळवाचा मोसम. पथकांच्या ढोलांना आता प्लॅस्टिकची पानं, त्यांना पावसाचं काही नाही. पण हलगीवाले खरे बघावेत: सर आली की दुकानाच्या पायरीवर कागद पेटवून हलगी शेकतात नि परत रांगेत घुसतात. चित्ररथाचे पुठ्ठ्याचे बुरूज मात्र शेकता येत नाहीत.

खानापूर तालुका, गवळी-चापोलीकडचा

सगळ्यांचं वाचलं. आता थोडं कडू. म्हादईवरचा वज्रपोहा धबधबा आमच्या बाजूला. पावसाळ्यात वनखातं जायला बंदी घालतं, तरी पोरं येतात, पाठीवर ब्लूटूथ स्पीकर. गोकाकवाल्यानं लिहिलंय ना, नदीकडं बघायचं? मी म्हणतो, आधी ऐकायचं. वरून पाणी येताना त्याचा आवाज बदलतो, खालून दगड घासत आल्यासारखा जड होतो. स्पीकर लावलेल्याला तो ऐकू येणार कसा? जीव वाचवायला गावातली माणसं दोर घेऊन धावतात, वर आम्हालाच ऐकावं लागतं की वाट नीट दाखवली नाही.

टिळकवाडी (कॉलेज)

दादा, स्पीकर आम्हीपण नेतो, पण बंद करून ऐकतोही. सगळ्यांना एकाच माळेत नका ओवू. प्रश्न असा आहे की बंदी उठल्यावर कधी यावं? नि गावात कुणाला विचारून जायचं?

खानापूर तालुका

दिवाळीच्या आसपास ये. पाणी असतं, वाटा सुकलेल्या असतात, जळवा नसतात. तपासणी नाक्यावर नोंद कर नि गावातला एक माणूस बरोबर घे, त्याला त्याची मजुरी दे. मुक्कामाला यायचं तर शहापूरच्या त्या मंडळींनाही घेऊन ये, पेटीसकट. चूल आहे, लाकडं वाळलेली आहेत. स्पीकर घरी ठेव.