कॅमेरा बघून घोडबंदरची कोंडी सुटणार नाही

वाघबीळची_लेक

परवा इथेच एकाने लिहिलं की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी कोंडीचं रडगाणं बंद करावं. नाक्यानाक्यावरचे वाहतूक कॅमेरे सगळ्यांना मोबाइलवर थेट दिसू द्या, लोक निघण्याआधी बघतील, रस्ता तुंबलेला असेल तर अर्ध्या तासाने निघतील, आणि निम्मी कोंडी आपोआप कमी होईल. खाली ढीगभर अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या वडिलांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. सकाळी साडेसातची वेळ. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला देतात आणि बाबा दुपारपर्यंत बाकावर बसून राहतात. वाघबीळहून नौपाडा रविवारी वीस मिनिटांत येतो. सोमवारी मी सव्वासहाला गाडी काढते आणि तरी माजिवड्याला पोटात गोळा येतो. मला कॅमेऱ्यात काय दिसणार? गाड्या. मग मी अर्धा तास थांबू?

अर्धा तास थांबायची सोय ज्याला आहे, त्याच्यासाठी ही कल्पना आहे. शाळेच्या बसला ती सोय नाही. सकाळी पाच घरची कामं धरलेल्या बायकांना नाही. पाळीवर जाणाऱ्याला नाही. आणि थांबायचं नसेल तर दुसरा रस्ता तरी हवा ना? एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधल्या पट्टीत हा एक रस्ता. त्यावर दर महिन्याला नवा टॉवर. आधी रस्ता द्या, मग कॅमेरा दाखवा.

गच्चीवरून_पातलीपाडा

ती पोस्ट माझीच होती, त्यामुळे उत्तर देतो. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण एका उदाहरणावरून सगळी कल्पना मोडीत काढणं बरोबर नाही.

मी एकविसाव्या मजल्यावर राहतो. गॅलरीत एक साधा कॅमेरा लावलाय, त्यात पातलीपाड्याच्या पुलापासून आनंदनगरपर्यंतचा रस्ता दिसतो. कामाला मीरा रोडला जातो, म्हणजे रोज गायमुख घाट. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी मोबाइलवरचा नकाशा सांगत होता ५२ मिनिटं. लाल रेघ, पण लाल रेघ तर रोजच असते. कॅमेऱ्यात बघितलं तर गाड्यांचे मागचे दिवे बंद, माणसं दुभाजकावर उभी, एक बाई पोराला डबा भरवतेय. इंजिन बंद करून माणूस खाली उतरतो तेव्हा त्याने आशा सोडलेली असते. मी घरीच बसलो. घाटात ट्रक आडवा झाला होता हे नंतर कळलं. माझा शेजारी नकाशावर विसंबून गेला, तो पावणेचार तासांनी ऑफिसात पोचला.

लाल रेघ वेग सांगते, कारण सांगत नाही. ट्रक बंद पडलाय, पाणी साचलंय, की नुसती रोजची गर्दी आहे, हे डोळ्यांनीच कळतं. लंडनमध्ये रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती कोणालाही बघता येतात. सिंगापुरात वुडलँड्स आणि तुआसच्या नाक्यावरची रांग लोक घरून बघून निघतात. मुंबईत २६/११ नंतर हजारो कॅमेरे लागले, ठाण्यातही आहेत, पण चित्र नियंत्रण कक्षाबाहेर येत नाही. दंडाची पावती तेवढी येते.

पहिली_पाळी

दादा, तुम्ही घरी बसलात. मी वागळे इस्टेटला पहिल्या पाळीला असतो. सातला पंचिंग. सात वाजून अकरा मिनिटं झाली की अर्धा दिवस कापतात. मोबाइलने काढलेलं कोंडीचं चित्र सुपरवायझरला दाखवून बघितलंय, बरं का. दोनदा. दुसऱ्यांदा तो म्हणाला, तुला रस्ता माहीत आहे तर लवकर निघ. पाच वाजता निघतो आता. ओवळ्याहून वागळे, किती किलोमीटर आहे सांगा.

ताई बोलल्या ते शंभर टक्के खरं.

ओल्डब्रिजकर

मूळचा ठाण्यातल्या चरईतला, सध्या अमेरिकेत न्यू जर्सीत. इथे ५११ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सरकारी सेवेवर राज्यभरातल्या रस्त्यांचे कॅमेरे थेट दिसतात. मी नेवार्कला जातो. सकाळी चहा घेता घेता पार्कवे या हायवेवरच्या, रॅरिटन नदीवरच्या ड्रिस्कॉल पुलाचा कॅमेरा बघतो. पूल भरलेला दिसला की रूट १८ पकडून टर्नपाइक या दुसऱ्या हायवेला लागतो. बारा वर्षं हेच करतोय आणि महिन्यातून चार-पाच वेळा तरी फायदा होतो. ठाण्यात हे होऊ शकत नाही असं म्हणणं म्हणजे आपणच आपल्याला कमी लेखणं. कॅमेरे लागलेले आहेत, केबल टाकलेली आहे. फक्त लोकांना दाखवायचंय, त्याला कितीसा खर्च येणार?

वाघबीळची_लेक

तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. रॅरिटन नदी ओलांडायला तुम्हाला दोन वेगळे मोठे रस्ते आहेत, म्हणून कॅमेरा उपयोगाचा. मी कॅमेरा बघून काय निवडू? हिरानंदानी इस्टेटमधून आत शिरले तर कोलशेत, ढोकाळी करत पुन्हा कापूरबावडीलाच बाहेर येते. मानपाड्याहून टिकुजिनीवाडीच्या अंगाने पोखरण दोनला गेले तर पुढे कॅडबरी नाक्याला त्याच गर्दीत शिरते. सगळ्या वाटा एकाच नरसाळ्यात उतरतात. बोरिवलीचा बोगदा होईल, त्याचं भूमिपूजन २०२४ च्या जुलैत झालं. आमच्या रस्त्यावरच्या मेट्रो ४ चं २०१६ च्या डिसेंबरात झालं होतं. वर्षं मोजा.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर आगगाडी ५७ मिनिटांत आली. मला कासारवडवली ते ठाणे स्टेशन तेवढ्या वेळात करून दाखवा, सकाळी साडेआठला.

कंटेनरवाल्याचा_मुलगा

थोडं वेगळं बोलतो. कोंडीच्या किश्श्यात शेवटी ट्रक येतोच. घाटात ट्रक आडवा, ट्रकमुळे कोंडी. माझे वडील तीस वर्षं कंटेनर चालवत होते. न्हावा-शेवा बंदरातून माल उचलायचा, कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, आणि घोडबंदरवरून अहमदाबाद हायवेला लागायचं. हा रस्ता त्यांनी हौसेने निवडला नव्हता. चिंचोटी-कामण-अंजूरफाट्याचा रस्ता धड असता तर भिवंडीचा निम्मा माल तिकडून गेला असता. तिथले खड्डे बघून या, मग बोला.

आणि अवजड वाहनांना वेळ ठरवून दिली की काय होतं ते कोणी सांगत नाही. बंदीच्या वेळेत शेकडो गाड्या कडेला उभ्या राहतात. वडील केबिनमध्ये स्टोव्हवर भात लावायचे, शौचाला जायची सोय नाही. वेळ सुरू झाली की सगळ्या एकदम सुटतात. तीन तासांचा माल वीस मिनिटांत रस्त्यावर उतरतो, गायमुखच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये सगळे एकामागे एक, आणि त्यातला एक तापून बंद पडला की संपलं. हा दोष ड्रायव्हरचा आहे का?

आनंदनगरचे_आजोबा

ट्रकचं राहू द्या, सेवा रस्त्याचं काय ते बोला. मुख्य रस्त्यात सेवा रस्ता मिसळून टाकायचा निर्णय झाला तेव्हापासून आम्हाला घराबाहेर पाय ठेवायची भीती वाटते. पूर्वी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की सेवा रस्ता, तिथे रिक्षा, भाजीवाला, शाळेच्या बस, सगळं संथ चाललेलं. आता फाटक उघडलं की थेट हायवे. माझी नात सातवीत आहे, तिची बस चालू लेनमध्ये थांबते. मागून डंपर येतो. तिची आई रोज हात आडवा करून उभी राहते. कॅमेऱ्याने हे थांबणार आहे का?

गच्चीवरून_पातलीपाडा

आजोबा, विषय कॅमेऱ्याचा आहे. पण काढलाच आहेत तर सांगतो. तुमच्या सेवा रस्त्यावर चालायला जागा होती कुठे? दोन्ही बाजूंना पार्क केलेल्या गाड्या, गॅरेजवाल्यांची कामं, लग्नाचे मांडव. मी वरून रोज बघत होतो. चार पदरांची जागा कोंडी होत असताना पार्किंगला वापरायची आणि वर रस्ता अपुरा म्हणून ओरडायचं, हे कसं चालेल? मिसळला ते बरं झालं.

आनंदनगरचे_आजोबा

एकविसाव्या मजल्यावरून माणसं मुंगीएवढी दिसतात, म्हणून तुम्हाला असं बोलवतं. मी १९९८ पासून इथे आहे. तेव्हा संध्याकाळी या रस्त्यावर कोल्हे दिसायचे. सेवा रस्त्यावर गाड्या लागायच्या कारण इमारतींना परवानगी देताना पार्किंग कागदावर दाखवलं गेलं. ते पाप आमचं नाही. आणि मिसळून कोंडी गेली का? तुमच्याच कॅमेऱ्यात बघून सांगा. लेन वाढल्या, पण पुढे कापूरबावडीला गाड्या पुन्हा आहे त्याच जागेत घुसतात. नळ मोठा केला, पाइप तोच.

पहिली_पाळी

आजोबांशी नीट बोला. सेवा रस्त्यावरून आम्ही सायकलने स्टँडपर्यंत जायचो. आता सायकल घरात पडून आहे.

गच्चीवरून_पातलीपाडा

मी कुठे वेडंवाकडं बोललो? रस्ता सगळ्यांचा आहे, फक्त आनंदनगरचा नाही. वीस हजार माणसं रखडतात तेव्हा शंभर गाड्यांचं पार्किंग वाचवायचं नसतं.

मानपाडा_बसस्टॉप

या सगळ्यात कोणी विचारलंच नाही म्हणून विचारते. तुमच्या गॅलरीतल्या कॅमेऱ्यात बसस्टॉप येतो का? मी रोज सहा पन्नासला एकटी उभी असते. कोणाच्या तरी घरात माझं चित्र रोज साठतंय आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय, हे मला चालणार नाही. नियंत्रण कक्षाला निदान जाब तरी विचारता येतो. तुम्हाला कोण विचारणार?

गच्चीवरून_पातलीपाडा

एवढ्या उंचीवरून चेहरा ओळखू येत नाही. पण प्रश्न रास्त आहे. मी कॅमेरा दुभाजकाकडे वळवून घेतो, आणि साठवण बंद करतो. चालू चित्र पुरे.

कोलशेतकर

कॅमेरे खुले झाले की काय होईल ते आमच्याकडे येऊन बघा. नकाशा आला तेव्हापासून मोठ्या रस्त्यावर गर्दी झाली की सगळ्यांचा फोन एकच गल्ली सुचवतो, ती आमची. सकाळी आठ ते दहा आमच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढता येत नाही. गावातली म्हातारी माणसं रस्ता ओलांडू शकत नाहीत. कॅमेरा बघून हजार माणसं एकदम शहाणी झाली की ती हजार माणसं एकाच गल्लीत शिरणार. तुम्ही कोंडी हलवताय, घालवत नाही आहात.

ओल्डब्रिजकर

हे मान्य करावं लागेल. इथेही रूट १८ वर ते होतं. आधी मी एकटा वळायचो, आता सगळेच वळतात. तरी डोळे मिटून निघण्यापेक्षा बघून निघणं बरं, हे मत सोडत नाही.

कंटेनरवाल्याचा_मुलगा

कॅमेरा खरा कुणी बघायचा तर गाड्या सोडणाऱ्याने. घाटाचा चढ मोकळा दिसला की पन्नास सोडा, भरला दिसला की थांबवा. आणि तोपर्यंत ड्रायव्हरला बसायला शेड, पाणी, संडास द्या. घड्याळ बघून सोडताय म्हणून लाट येते. लोकांनी मोबाइलवर बघून काय होणार, गाडी सोडायचा अधिकार लोकांकडे नाही.

गच्चीवरून_पातलीपाडा

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे. माझ्या चित्रात ती लाट रोज दिसते, मला वाटायचं गर्दी अशीच येते. वेळा लिहून ठेवीन.

वाघबीळची_लेक

मग माझंही ऐका. तुम्ही पोस्टमध्ये जे म्हणालात, लोकांनी अर्धा तास उशिरा निघावं, ते मागे घ्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी निघावं असं म्हणा. कारण घरून काम करता येणाऱ्यांनी खरंच मोकळी जागा दिली तर त्यात माझे बाबा वेळेवर पोचतील. तेवढ्यापुरतं तुमचं पटतं. त्याच्या पुढे नाही.

गच्चीवरून_पातलीपाडा

मागे घेतो, ते वाक्य बदलतो. निम्मी कोंडी जाईल हेही जास्तच बोललो.

वाघबीळची_लेक

आणि एक विचारते. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पावणेसहाला मला कासारवडवलीकडून येणाऱ्या बाजूचं चित्र पाठवाल? दिवे सलग दिसले तर मी बाबांना दहा मिनिटं आधी उठवेन. त्यांना त्या दिवशी जिना उतरायलाच वेळ लागतो.

गच्चीवरून_पातलीपाडा

पाठवतो. साडेपाचला उठतोच मी. घाटात काही झालं असेल तर फोन करतो, नंबर निरोपात द्या. सेवा रस्त्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

आनंदनगरचे_आजोबा

माझंही. रविवारी खाली या, नातीची बस जिथे थांबते ती जागा दाखवतो.