मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये नेलेली ड्रॉइंगं उघडत नाहीत, रेडिओग्राफी तर गायबच

शिरोली_फौंड्रीवाला
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात. जुनं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर. एका टेबलात लाँगब्लॉब (अख्ख्या फाइली ठेवायचा) कॉलम आहे, त्यात गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं पीडीएफमध्ये, टेस्ट सर्टिफिकेटं आणि कास्टिंगच्या रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रेच्या, इमेजेस. नवीन ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) पोस्टग्रेस डेटाबेसवर, तिथं तोच कॉलम बायटीआ प्रकारचा. ईआरपीवाल्यांनी एक स्क्रिप्ट दिली. ती डेटा मजकुराच्या फाइलीत काढते आणि कॉपी कमांडनं भरते. एरर एकही आली नाही, रो (टेबलातल्या ओळी) मोजले तर दोन्हीकडं सारखे. पण पीडीएफ उघडायला गेलं की 'फाइल खराब', आणि मोठ्या इमेजेसच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही! ते म्हणतात तुमचा जुना डेटाच खराब असणार. जुन्यात तर सगळं व्यवस्थित उघडतंय. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. त्यांनी हीट नंबर (धातू वितळवलेल्या घाण्याचा नंबर) सांगितला की त्याची फिल्म समोर ठेवावी लागते. कुठनं सुरू करू?

उद्यमनगर_डीबीए
रो मोजून काय कळणार भावा? रिकामा डबा पण मोजताना डबाच. बाइट मोज. एकच पीडीएफ धर, दोन्हीकडं ऑक्टेट_लेंग्थ, म्हणजे बाइटची संख्या, काढ. मग नव्या बाजूचे पहिले आठ बाइट हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहायची पद्धत) काढून इथं टाक. पीडीएफची सुरुवात २५ ५० ४४ ४६ अशी असते, जेपीईजीची एफएफ डी८ एफएफ. जुन्या सर्व्हरवर मॅक्स_अलाउड_पॅकेट (एका वेळी जास्तीत जास्त किती डेटा चालेल ती मर्यादा) किती आहे तेही सांग. आणि स्क्रिप्ट उघडून बघ, त्यात 'हेक्स' कुठं सापडतंय का.

शिरोली_फौंड्रीवाला
जुन्याकडं २,१४,६०८ बाइट, नव्याकडं ४,२९,२१६. पहिले आठ: ३२ ३५ ३५ ३० ३४ ३४ ३४ ३६. पॅकेट १६ एमबी. आणि हो, सिलेक्टमध्ये हेक्स() आहे. ज्या इमेजेस गेल्या त्या ११-१२ एमबीच्या आहेत.

उद्यमनगर_डीबीए
मग तुझा जुना डेटा ठणठणीत आहे, त्यांना तसं सांग.

बरोब्बर दुप्पट झालंय, बघ. ३२ म्हणजे '२' हे अक्षर, ३५ म्हणजे '५'. तुझ्या पोस्टग्रेसमध्ये पीडीएफ नाहीच, पीडीएफचं हेक्स अक्षरांत लिहून ठेवलंय. बायटीआला हेक्स द्यायचं तर आधी बॅकस्लॅश आणि एक्स लागतो. तो नसला की पोस्टग्रेस त्याला जुन्या एस्केप पद्धतीचा मजकूर समजतं आणि आहे तसं ठेवतं. एरर कशाला येईल?

नल होण्याचं मूळही त्याच हेक्स() मध्ये. मायएसक्यूएलमध्ये असल्या फंक्शनचं उत्तर मॅक्स_अलाउड_पॅकेटपेक्षा मोठं झालं की ते नल देतं, फार तर एक वॉर्निंग. ११ एमबीचं हेक्स २२ एमबी, पॅकेट १६ चं. म्हणजे ८ एमबीच्या वरचं सगळं गेलं. नल कुठल्या आकारापासून सुरू होतात ते तपास, तिथंच निघेल.

लहान फाइली परत आणायची गरज नाही. नव्या टेबलातच कन्व्हर्ट_फ्रॉमनं मजकूर कर आणि त्यावर डीकोड, फॉरमॅट 'हेक्स'. थोड्या थोड्या रोंवर चालव आणि मधे व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाईची कमांड) कर, कारण अपडेटनं जुनी प्रत लगेच जात नाही, डिस्क फुगते. आधी बॅकअप घे, हे सांगायला नको.

पाचगाव_पायथन
डीबीए साहेबांचं बरोबर. नल झालेल्यांसाठी मात्र परत मजकुराच्या वाटेला जाऊ नका. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहा. आधी फक्त आयडींची यादी, मग एकेक आयडीची फाइल वाचायची आणि पॅरामीटर म्हणून थेट बायटीआत घालायची. सगळं टेबल एका सिलेक्टमध्ये ओढलं तर रॅम संपते. पीजीलोडर हे डेटा हलवायचं टूलही ब्लॉबचं बायटीआ करतं, पण मोठ्या फाइलींना त्याची मेमरी कमी पडते, त्यातली 'प्रीफेच रोज' (एका वेळी किती रो वाचायचे ती सेटिंग) कमी ठेवावी लागते.

शेवटी दोन्हीकडं एमडी५, म्हणजे फाइलीचा ठसा, काढा. दोन्ही डेटाबेसात फंक्शन आहे आणि उत्तर त्याच ३२ अक्षरांत येतं. आयडी आणि एमडी५ दोन फाइलींत काढून डिफ मारा, म्हणजे फरक दिसेल.

राजारामपुरी_बॅकएंड
मुळात एवढ्या इमेजेस डेटाबेसात ठेवायच्याच कशाला? मायक्रोसॉफ्ट रिसर्चनं २००६ मध्ये मोजून बघितलं होतं: २५६ केबीच्या आत डेटाबेस बरा, १ एमबीच्या वर फाइल सिस्टीम. फोल्डरात टाका, टेबलात नुसता पाथ.

शिरोली_फौंड्रीवाला
पटतंय, पण आत्ता नको. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता. तेव्हापासून मालकांचा हट्ट, सगळा बॅकअप एकाच डंपात (डेटाबेसच्या एकाच बॅकअप फाइलीत) पाहिजे. फोल्डर वेगळा झाला की तो घ्यायचा राहणार, हे ठरलेलं.

डीकोड एका पीडीएफवर चालवून बघितलं. उघडली! ड्रॉइंगवरची रिव्हिजनसुद्धा बरोबर. नलही ८ एमबीच्या वरच सुरू होतायत. राहिलेल्या इमेजेस आज रात्री पायथननं आणतो. जुन्या सर्व्हरवर पॅकेट वाढवायला लागेल का? दिवसा तो रीस्टार्ट करता येत नाही, डिस्पॅच त्याच्यावर चालतंय.

उद्यमनगर_डीबीए
नुसता कॉलम वाचायला १६ एमबीत १२ ची फाइल बसते, हेक्स() काढलंस की झालं. तरी वाढवायचंच असेल तर सेट ग्लोबलनं ६४ एमबी कर. रीस्टार्ट लागत नाही, फक्त कनेक्शन नवीन घे, चालू कनेक्शनला जुनीच मर्यादा राहते. कायमचं हवं तर कॉन्फिग फाइलीतही लिही.