छोट्या क्लब गिगसाठी गिटार अ‍ॅम्प कुठला घेऊ? लोकलने न्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आमचा चौघांचा बँड आहे, दोन गिटार, बास, ड्रम. स्वतःची मराठी गाणी आणि थोडं ब्लूज. ५०-६० माणसांच्या जागा, महिन्यातून एखादा गिग. मी लीड वाजवते, स्क्वायरची टेलिकास्टर, पुढे दोन पेडल, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज खरबरीत करणारं) आणि एक डिले (प्रतिध्वनी देणारं), बस. आत्तापर्यंत क्लबात जो अ‍ॅम्प असेल त्यावर भागवलं. पण गेल्या महिन्यात एका ठिकाणचा अ‍ॅम्प साउंडचेकलाच खरखरायला लागला, मग माझा घरचा १० वॉटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प होता तो लावला आणि दुसऱ्या गाण्यापासून माझी गिटार मलाच ऐकू येईना, सोलो अक्षरशः बोटांच्या अंदाजाने वाजवला. आई पहिल्यांदाच ऐकायला आली होती. घरी जाताना म्हणाली, त्यातली तुझी गिटार कुठली होती गं? ते फार लागलं.

तेव्हापासून वाचतेय, वाजवून बघतेय. एक कळलं की नुसत्या वॉटच्या मागे लागून उपयोग नाही, १५ चे ३० वॉट केले तरी फरक ३ डेसिबलचाच, आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट स्पीकर ९७ डेसिबलवाल्याच्या (तेवढ्याच वॉटवर किती मोठा वाजतो तो आकडा) जागी १०० वाला असेल तर तेवढाच फायदा वॉट न वाढवता मिळतो. आणि घरी मी बास, ट्रेबल वर आणि मिड (मधले सूर) खाली ठेवायचे, एकटीला मस्त वाटायचं, पण बँडमध्ये खालचं सगळं बास गिटार खाते, वरचं झांजा, गिटारला उरतं ते मिडच आणि तेच मी काढून टाकलेलं! शिवाय अ‍ॅम्प जमिनीवर म्हणजे आवाज माझ्या गुडघ्यांना, आणि स्पीकरचं ट्रेबल सरळ रेषेत जातं त्यामुळे समोरच्या टेबलाच्या कानात सुई. आता खुर्चीवर ठेवून थोडा मागे कलवते, खूप फरक पडला.

बजेट ५० हजार, ताणून ६०. सेकंडहँड चालेल. डोक्यात आहेत ते असे.

फेंडर ब्लूज ज्युनियर. १५ वॉट, दोन ईएल८४ व्हॉल्व्ह, साधारण १४ किलो. एका मित्राचा वाजवला, बोट हलकं लावलं की स्वच्छ, जोरात लावलं की आवाज फुटतो (खरबरीत होतो, त्यालाच ब्रेकअप म्हणतात), मन तिथेच अडकलंय खरं सांगायचं तर. भीती एवढीच की ड्रमरसोबत वाजवताना तो स्वच्छ राहील का, कारण मला ब्रेकअप पेडलमधून हवाय, आमची निम्मी गाणी क्लीनवर आहेत. इफेक्ट लूपही (डिलेसारखं पेडल अ‍ॅम्पच्या मधल्या टप्प्यात जोडायची सोय) नाही त्यात.

रोलंड जेसी-४०. ४० वॉट, दोन १० इंची स्पीकर, ट्रान्झिस्टर. क्लीन तर विचारूच नका. पण जवळजवळ १६ किलो, आणि मी डोंबिवलीहून लोकलने येते, दादरचा जिना संध्याकाळी सातला गिटार पाठीवर आणि हे हातात, जमेल का?

बॉस कटाना ५०. साधारण १२ किलो, घरी अर्ध्या वॉटवर वाजवता येतो, हे मला बिल्डिंगमध्ये फार महत्त्वाचं आहे. स्टेजवर ५० पुरेल की सरळ १०० घ्यावा?

अजून एक, अमेरिकेहून आणलेला फेंडरचाच डिलक्स रिव्हर्ब अ‍ॅम्प एकजण स्वस्तात देतोय पण तो १२० व्होल्टवर चालतो, म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, म्हणजे आणखी एक जड डबा. सोडून द्यावा ना?

संपादन: दोघांनी सुचवलंय की अ‍ॅम्प नकोच, मॉडेलर (अ‍ॅम्पचा आवाज डिजिटली काढणारा डबा) घेऊन थेट पीएमध्ये (क्लबच्या मुख्य साउंड सिस्टीममध्ये) लाव. विचार केला होता. पण आम्ही वाजवतो तिथे मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) एकच, तोही गाणाऱ्यापुढे, म्हणजे मी पुन्हा तिथेच, स्वतःला न ऐकणारी. मला पाठीमागे हवा हलवणारा स्पीकर हवाय.

ज्यांनी ब्लूज ज्युनियर ड्रमसोबत माइक न लावता वाजवलाय त्यांनी प्लीज सांगा, व्हॉल्यूम कितीवर गेल्यावर तो फुटायला लागतो? पुढचा गिग तीन आठवड्यांवर आहे, आई पुन्हा येणार आहे.