सोयाबीनच्या शेंड्यावर ताठ होऊन मेलेल्या पांढऱ्या अळ्या

प्रश्न (उमरेड रोड, नागपूर)
सोयाबीन फुलोऱ्यावर आहे, आठवडाभर झड होती. आता शेंड्याच्या पानांवर उंटअळ्या अन् तंबाखूच्या अळ्या ताठ मेलेल्या दिसतात, अंगावर पांढरा थर. खाली जवळपास एकही नाही. बुरशी की विषाणू? अन् मरायला वरच का चढतात? उद्या अळीनाशकात बुरशीनाशक मिसळून मारायचा विचार आहे.

शिवारडॉक्टर
बुरशीनाशक राहू द्या. लक्षणं मेटारायझियम रिलेयी या अळ्या मारणाऱ्या बुरशीची आहेत; जुनं नाव नोमुरिया. अळी चिमटीत धरा. खडूसारखी कडक, मोडली तर बुरशी. विषाणूची (एनपीव्ही) अळी मऊ पडते, उलटी लटकते, कातडी फाटून पातळ द्रव गळतो. शंका उरली तर झाकणाच्या डबीत ओल्या टिश्यूवर ठेवा. एकदोन दिवसांत पांढऱ्यावर फिकट हिरवी भुकटी आली की ते बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी. मॅन्कोझेब, टेब्युकोनॅझोल या बुरशीनाशकांनी हीच बुरशी मरते. अळ्या मोजताना फक्त जिवंत मोजा.

कीटकप्रेमी
वर चढण्याबद्दल: उंचावर वारा लागतो, बीजाणू खालच्या पानांवर दूरवर पडतात. फायदा बुरशीचा. पण ती "मेंदू ताब्यात घेते" असं सरसकट म्हणू नका. ओफिओकॉर्डिसेप्स बुरशीने ग्रासलेली मुंगी पानाची शीर चावून तिथेच मरते, तिच्यात बुरशी जबड्याच्या स्नायूंभोवती जाळं विणते, मेंदूत शिरत नाही. एंटोमॉफ्थोरा ही बुरशी मात्र फळमाशीच्या मेंदूत पोचते. मरणाच्या सुमारे अडीच तास आधी माशी अचानक धावपळ करत वर चढते, सोंड चिकटवते, पंख उचलते. एनपीव्हीची गंमत आणखी वेगळी. जिप्सी पतंगाच्या अळीत विषाणूचा ईजीटी जनुक कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतो, अन् अळी झाडावर चढत राहते.

प्रश्नकर्ता
मेलेल्या अळ्या पाण्यात कालवून फवारल्या तर?

शिवारडॉक्टर
पांढऱ्या नकोत, त्यांच्यावर बीजाणूच तयार नसतात. हिरव्याच घ्या. बीजाणूंना पाणी धरत नाही, वर तरंगतात, म्हणून थोडा स्टिकर (फवारणीच्या पाण्यात मिसळायचं चिकटद्रव्य) टाकून घोळा. फडक्याने दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबेल. त्याच संध्याकाळी वापरा. दुपारच्या उन्हात अन् कोरड्या हवेत बीजाणू रुजतच नाहीत, बहुतेकांचं इथंच फसतं. शिवाय घरच्या काल्यात बीजाणू किती, ते कळत नाही. टाल्क पावडरीत मिसळलेली विकतची बुरशी असेल तर लेबलवरची मात्रा पाळा, अन् ज्या पंपात बुरशीनाशक होतं तो आधी नीट धुवा.