तांकातली फुलं : दुःख सांगतात की झाकतात?

निवांत (धागाकर्ता): तांका म्हणजे ५-७-५-७-७ अशी ३१ अक्षरांची जपानी कविता. प्रेम आटलं, वय झालं, माणूस गेलं, की चेरी फुलणार आणि गळणार हे ठरलेलंच. नवव्या शतकातली ओनो नो कोमाची म्हणते, मी पावसाकडे बघत विचारात बसले, तेवढ्यात फुलांचा रंग उडून गेला. सुंदरच. पण पुढे हजार वर्षं तोच शिक्का उमटवत राहिलं की दुःख नेमकं कोणाचं तेच कळेनासं होतं. मासाओका शिकी या कवीने १८९८ मध्ये हेच सुनावलं. कवी ज्याला डोक्यावर घेत त्या 'कोकिनशू' या जुन्या दरबारी काव्यसंग्रहाला त्याने सरळ टाकाऊ ठरवलं. वार्धक्यावरचा माझा आवडता तांका इशिकावा ताकुबोकुचा, १९१० च्या संग्रहातला : गंमत म्हणून आईला पाठीवर घेतलं, ती इतकी हलकी लागली की रडू आलं, तीन पावलंही टाकवेनात. फूल नाही, पान नाही.

कावेरी: ताकुबोकु मान्य. पण ओतोमो नो ताबितो वाचलाय का तुम्ही? हा आठव्या शतकातला कवी, राजधानीपासून लांब दाझाइफूच्या सरकारी ठाण्यावर मोठा अधिकारी होता, बायको तिथेच वारली. ७३० साली नाराला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, घरी परतल्यावर लिहितो, तिने लावलेलं हे उमेचं (जर्दाळूच्या जातीचं) झाड, बघावं तेव्हा गळा दाटून येतो.

निवांत: म्हणजे माझंच म्हणणं झालं की! झाड तिने लावलेलं, म्हणून भिडतं. कोमाचीची फुलं कुणाची?

कावेरी: अहो, कोमाचीच्या काळातल्या हेइआन दरबारात प्रेमपत्र म्हणजेच तांका. फुलांच्या फांदीला बांधून धाडायचा, उत्तरही तांकातच यायचं. फुलांतून बोलणं ही त्यांची रोजची भाषा होती. तिला शिक्का कसला म्हणता?

खडूस आजोबा: शिकीचं अर्धंच सांगितलंत. मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळला असताना, १९०१ मध्ये, त्यानेच लिहिलं : फुलदाणीतल्या विस्टेरियाचे (लोंबत्या फुलांच्या वेलीचे) घोस आखूड, तातामीला (जमिनीवरच्या चटईला) टेकत नाहीत. बस्स. ते अंतर आडवं पडलेल्यालाच दिसतं. निसर्ग नको असं त्याने म्हटलंच नाही, डोळ्यांनी बघा आणि मग लिहा म्हणाला. आणि बाराव्या शतकातला भिक्षू कवी साइग्यो? दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास चेरीखाली मरण यावं असं लिहून ठेवलं आणि ११९० मध्ये त्याच सुमारास गेला. म्हणा बघू त्याला शिक्का!

निवांत: मुहूर्त साधला म्हणून कविता चांगली ठरते का, आजोबा? विस्टेरिया मात्र मी माझ्या बाजूला धरतो. आणि मराठीत तांका लिहिणाऱ्यांनी तरी चेरी सोडावी. अंगणात कोणाच्या आहे ती?

कावेरी: सोडतील. मग गुलमोहर गळायला लागेल. दोन वर्षांत त्याच्यावरही धागा काढाल तुम्ही.