रात्रीच्या जागलीतला 'ग्राइंड': फुकटच्या गेममध्ये माणूस इतका का राबतो?

रात्रीचे_ओलीत (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, पण मी तो गंभीरपणे विचारतो आहे. माझ्याकडे आठ एकर शेती आहे. खरिपात कपाशी-तूर आणि रब्बीत तीन एकर हरभरा. पंपाची थ्री-फेज लाईन आमच्याकडे आळीपाळीने येते. ज्या आठवड्यात ती रात्रीची असते, त्या आठवड्यात मोटर सुरू करून मी धुऱ्यावर बसतो, तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलतो, रोही किंवा रानडुकरे आली तर हाकलतो आणि उरलेला वेळ मोबाईलवर गाव बांधण्याचा एक गेम खेळतो. याला आता चार वर्षे झाली.

अडचण अशी की, त्यातले निम्म्याहून अधिक काम मला मुळीच आवडत नाही. तेच हल्ले, तेच सोने गोळा करणे आणि एकेक तुकडा करत तीच भिंत वरच्या लेव्हलला नेणे. आमचा भाचा याला 'ग्राइंड' म्हणतो. मी वेठबिगारी म्हणतो. तरीही मागच्या आठवड्यात बॅटरी संपली, तेव्हा समोरच्या हरभऱ्याचे सोडून मला त्या खोट्या गावाची काळजी लागली. जे आवडत नाही ते सोडवत का नाही? आणि या प्रकारच्या गेमना पुढे भवितव्य आहे, की आपण ओसाड पडणाऱ्या जागेवर घर बांधतो आहोत?

फळा_आणि_खडू (वाशीम)

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. पुस्तकी उत्तर आधी सांगतो. १९५०च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवले की, दाणा दर वेळी मिळण्याऐवजी कधी मिळेल याचा नेम नसला, तर पक्षी कितीतरी अधिक चिकाटीने चोच मारत राहतो. आजच्या गेममधल्या पेट्या, म्हणजे आतून काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही अशी बक्षिसे, याच तत्त्वावर उघडतात. 'गेनशिन इम्पॅक्ट' या २०२० साली आलेल्या गेममध्ये सर्वोच्च श्रेणीचे पात्र एका खेपेत मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि ९० खेपांत ते एकदा मिळेल अशी हमी आहे. हमीच्या जवळ पोहोचलेला माणूस अर्ध्यातून उठत नाही, कारण आधीच्या सगळ्या खेपा वाया जातील असे त्याला वाटते.

पण तुमच्या बाबतीत हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण तुमची भिंत नशिबावर उभी राहत नाही. तुमचे आकर्षण मला नेमके उलटे दिसते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातली कपाशी पोखरली, तेव्हा ज्याने वेळेवर डवरणी केली, खत दिले, फवारणी केली, त्याच्याही बोंडात किडका कापूस निघाला. तुमच्या गेममध्ये अळी नाही, अवकाळी नाही, अडत्याने ऐनवेळी पाडलेला भाव नाही. जितके राबाल तितके पदरात पडेल आणि ते आकड्यात दिसेल, एवढा सरळ हिशेब तुम्हाला दिवसभरात दुसरीकडे कुठे भेटतो? तुम्ही वेठबिगारी म्हणता, पण वेठबिगाराला मोबदला मिळत नसे. इथे तो मिळतो, फक्त तो घरी नेता येत नाही.

रिचार्ज_पॉइंट (आर्णी रोड)

गुरुजींचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण ते गेमला फार सज्जन समजतात. माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि बाजूला पानठेला असल्यामुळे गावची निम्मी पोरे संध्याकाळी इथेच असतात. २०१६ मध्ये जिओ आले, पाठोपाठ स्वस्त फोन आले, आणि कमी रॅमच्या फोनवरही चालत असल्यामुळे 'फ्री फायर' हा गोळीबाराचा गेम वस्तीवस्तीवर पोहोचला.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक नववीतला मुलगा आला. दहा-दहाच्या आठ नोटा, घामाने चिकटलेल्या. किलोमागे मिळालेल्या मजुरीतल्या. "काका, तुमच्या फोनवरून गेमचा टॉप-अप मारून द्या," म्हणाला, म्हणजे पैसे भरून गेममधले चलन घ्यायचे. मी विचारले, बापाला माहीत आहे का? तो नोटा मुठीत धरून तसाच उभा राहिला. मी टॉप-अप करून दिला नाही. दुसऱ्या दुकानातून त्याने केलाच असेल.

बहुतांश खेळाडू एक रुपयाही देत नाहीत. कमाई थोड्या, पण भरपूर खर्च करणाऱ्या लोकांकडून होते. मग फुकट खेळणाऱ्यांना का पोसतात? कारण महागडी स्किन (गेममधल्या पात्राचा पोशाख) घालून मिरवायला समोर गर्दी लागते. ती गर्दी म्हणजे आपण. गुरुजींना दिसलेला सरळ हिशेबही वरवरचा आहे: सुरुवातीला बांधकाम मिनिटांत होते, पुढे तेच दिवसांवर जाते, आणि ती वाट पाहणे टाळायचे असेल तर पैसे मोजा असे तोच गेम सांगतो. आधी विहिरीवर झाकण ठेवायचे आणि मग दोर भाड्याने द्यायचा, असा हा धंदा आहे.

तिसरी_लेव्हल (मूळचा देवळी, सध्या पुणे)

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे (गेम बनवत नाही), त्यामुळे भवितव्याबद्दल थोडे लिहितो. 'ओसाड जागा' ही भीती खरी आहे. शेतीचाच गेम असलेला 'फार्मव्हिल' २००९ मध्ये फेसबुकवर आला, एके काळी कोट्यवधी लोक त्यात पीक काढत होते, आणि फ्लॅश हे तंत्रज्ञान बंद होत असल्यामुळे ३१ डिसेंबर २०२० रोजी तो संपला. आपल्याकडे सरकारी आदेशानेही तेच झाले: सप्टेंबर २०२०मध्ये पबजी मोबाईल, फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायर, जुलै २०२२मध्ये बीजीएमआय (पबजीचीच भारतासाठीची आवृत्ती). शेवटचा मे २०२३मध्ये परतला, तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. 'माझी आयडी' असे आपण म्हणतो, पण त्या आयडीचा सातबारा आपल्या नावावर नसतो.

कायद्यांचा धाक वाढतो आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या काही पेट्यांना जुगार ठरवले. चीनने २०२१पासून अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मुभा ठेवली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर आहे. भिंत लवकर बांधण्यासाठी रत्ने विकणारा गेम त्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा बदल. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' २०१२पासून सैन्य तयार होण्याची वाट पाहायला लावत असे; मार्च २०२५ मध्ये त्यांनी तो वेळच काढून टाकला. उपकार म्हणून नव्हे. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओंच्या जमान्यात वाट पाहणारा माणूस गेम बंद करून दुसरीकडे जातो, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. म्हणून राबणूक टिकेल, पण तिच्यातली सक्तीची प्रतीक्षा कमी होत जाईल आणि त्या जागी हंगामी पास (ठरावीक मुदतीत कामे पुरी केली तर बक्षिसे देणारे), मर्यादित दिवसांचे इव्हेंट, रोजची हजेरी असे नवे दोर येतील, असा माझा अंदाज आहे.

रात्रीचे_ओलीत

सर्वांचा आभारी आहे. गुरुजींचे बोंडअळीचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण त्या वर्षी माझेही पाच एकर गेले होते. रिचार्जवाल्या दादांना एवढेच सांगतो की, आजवर माझे चारशेच्या आसपास रुपये गेले, तेही पाईप बदलून आल्यावर थंडीत कुडकुडत असताना; दिवसाउजेडी मी कधीच दिले नसते.

प्रतीक्षेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. मला ती प्रतीक्षाच हवी होती. तीन तास स्प्रिंकलर फिरणार, तीन तास तिकडचे बांधकाम चालणार, दोन्हीकडे एकाच वेळी उठायचे. रोजची हजेरी मागणारा गेम दिवसपाळीच्या आठवड्यात माझ्या काय कामाचा?

भाच्याला ही चर्चा वाचायला दिली आहे. माझ्या मुख्य इमारतीचे काम संपायला अकरा दिवस आहेत. तोवर हरभऱ्याचे दुसरे पाणीही होईल. आज लाईन दहाला येणार आहे, निघतो.