‘फार-राइट’ला मराठी विकिपीडियावर काय लिहावं?

मुक्ता_कराड

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियावर दोन वर्षं लिहितेय. आजवर नद्या, घाटरस्ते आणि आमच्या भागातली गावं एवढंच केलं. तिथे वाद झालाच तर तो घाटाच्या उंचीवरून. सध्या अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीबद्दल वाचतेय आणि त्यात ब्राइटबार्ट न्यूज या अमेरिकी संकेतस्थळाचं नाव सारखं येतं, म्हणून त्यावर धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या लेखनाच्या पानावर) लेख करायला घेतला. पहिल्याच वाक्याला अडकलेय.

इंग्रजी लेखाच्या पहिल्या वाक्यातच त्याला ‘फार-राइट’, म्हणजे राजकारणातल्या उजव्या टोकाचं, म्हटलंय. भाषांतराच्या यंत्राने त्याचं ‘दूर-उजवे’ केलं, ते अर्थातच खोडलं. मग मी ‘कट्टर उजव्या विचारांचे संकेतस्थळ’ असं लिहिलं. भावाने वाचलं आणि विचारलं, “ही स्तुती आहे की निंदा?” मला उत्तर देता येईना.

मग इंग्रजी लेखाचं चर्चा पान उघडलं, जिथे संपादक त्या लेखाबद्दल वाद घालतात. तीन संध्याकाळी वाचतेय. कुणी म्हणतं ‘कंझर्व्हेटिव्ह’ लिहा, कुणी म्हणतं नुसतं ‘राइट-विंग’ पुरे, कुणी ‘फार-राइट’वरून मागे हटायला तयार नाही, आणि प्रत्येकाकडे दुव्यांचा ढीग. मी मराठीत नेमकं काय लिहू? आणि हे ठरवण्याचा मला अधिकार तरी आहे का?

सह्यकडा

विशेषणच नको. ‘अमेरिकेतील बातम्या व मते प्रसिद्ध करणारे संकेतस्थळ, स्थापना २००७’ एवढं लिहा आणि पुढे चला. कोण उजवं, कोण डावं हे वाचक ठरवेल. विश्वकोशाने कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नये.

निवृत्त_उपसंपादक

मुक्ता, वयाने खूपच लहान दिसतेस म्हणून ‘तू’ म्हणतो.

आधी शब्दाचं बघू. ‘कट्टर’ खोडलास तर बरं. आज गाड्यांच्या काचांवर लोक स्वतःहून ‘कट्टर’ लिहून घेतात, म्हणजे तो शब्द आता बिरुद झालाय. तुझ्या भावाने बरोबर बोट ठेवलं. ‘जहाल’ सुचला असेल तर तोही नको. जहाल म्हटलं की मराठी वाचकाला टिळक दिसतात आणि मवाळ म्हटलं की गोखले. ‘पुराणमतवादी’ म्हणशील तर विधवाविवाहाला विरोध करणारे शास्त्रीबुवा डोळ्यांसमोर येतात, अमेरिकेतला करकपातवाला माणूस येत नाही. ब्रिटनच्या पक्षाला आपण ‘हुजूर पक्ष’ म्हणून मोकळे झालो, अमेरिकेसाठी तसा शब्द आपल्याकडे रुळला नाही. ‘मुखपत्र’ हा आपला फार नेमका शब्द आहे, पण तो पक्षाच्या मालकीच्या किंवा पक्षाने चालवलेल्या पत्राला. ब्राइटबार्ट रिपब्लिकन पक्षाने काढलेलं नाही. उलट त्या पक्षाच्या जुन्या नेत्यांवर ते तुटून पडत आलंय.

राहिला ‘अतिउजवे’. ‘अति’ म्हटल्यावर ‘अति तिथे माती’ ऐकू येतं, हा दोष मला मान्य आहे. पण फ्रान्समधल्या ल पेन यांच्या पक्षाबद्दल लिहिताना मराठी वृत्तपत्रं हाच शब्द वापरत आली आहेत, आणि नक्षलवाद्यांना आपण ‘अतिडावे’ म्हणतोच. तेव्हा नवा शब्द पाडू नकोस. लोकांच्या हातात खेळणारा घे.

आता अधिकाराचं. मी एका जिल्हा दैनिकात एकतीस वर्षं होतो. नवा होतो तेव्हा दूध उत्पादकांच्या मोर्चाची बातमी आणली, तिच्यात ‘संतप्त जमाव’ असं लिहिलं. मुख्य उपसंपादकांनी ‘संतप्त’वर लाल पेन्सिल मारली. म्हणाले, “राग मोजलास का? त्यांनी काय केलं ते सांग.” मी सांगितलं की कचेरीच्या दोन काचा फुटल्या आणि साहेबांच्या टेबलावर एकाने अख्खी किटली ओतली, दूध फायलींखालून वाहत दारापर्यंत आलं. “मग हे लिही की.” दुसऱ्या दिवशी ती बातमी वाचून त्या माणसांना कुणी शांत म्हणालं नसतं, आणि ‘संतप्त’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

ब्राइटबार्टचं हेच कर. जुलै २०१०. शर्ली शेरॉड ही कृष्णवर्णीय बाई, अमेरिकेच्या कृषी खात्यात जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण विकासाची प्रमुख. अँड्र्यू ब्राइटबार्ट यांनी आपल्या संकेतस्थळावर तिच्या एका भाषणाचा तुकडा टाकला. त्यात ती म्हणताना दिसते की एका गोऱ्या शेतकऱ्याला मी माझ्या हातात होती तेवढी सगळी मदत केली नाही. त्याच दिवशी तिच्याकडून राजीनामा घेतला गेला. मग पूर्ण भाषण बाहेर आलं. ती चोवीसेक वर्षांपूर्वीची आठवण सांगत होती, आणि आपली चूक उमगून त्या शेतकऱ्याची जमीन वाचवायला तिने कशी धडपड केली हेच त्या भाषणाचं सार होतं. त्या शेतकरी नवरा-बायकोनेच तिची बाजू घेतली. कृषिमंत्र्यांनी माफी मागितली, ओबामांनी स्वतः फोन केला. एवढं तारखांनिशी, संदर्भांनिशी लिहिलंस की वाचकाच्या हातात काहीतरी येतं. ‘अतिउजवे’ हा शब्द मी तिसऱ्या-चौथ्या वाक्यात आणेन, आणि तो कोण वापरतं हे सांगून.

‘कोण म्हणतं?’ हा प्रश्न सोडू नकोस. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. पटलं नाही तर कुणाकडे बोट दाखवायचं ते ठाऊक असतं. विकिपीडियाच्या लेखाखाली सही नाही, म्हणून तिथे प्रत्येक वाक्यामागे दुसऱ्या कुणाचं तरी छापील नाव उभं करावं लागतं. तुझा अधिकार तेवढाच: कुणी काय म्हटलंय ते इमानाने आणून ठेवण्याचा.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत असते आणि बरीच वर्षं इंग्रजी विकिपीडियावर संपादन करते. मुक्ता, तू वाचतेयस त्या चर्चेत दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ते सोडवले की डोकं शांत होईल.

एक प्रश्न असा, की ब्राइटबार्टच्या स्वतःच्या लेखात त्याचं वर्णन कसं करायचं. दुसरा असा, की इतर लेखांत संदर्भ म्हणून ब्राइटबार्ट चालेल का. दुसऱ्याचा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये लागला. वस्तुस्थितीसाठी संदर्भ म्हणून ते वापरायचं नाही. त्यांचं मत म्हणून काही उद्धृत करायचं असेल तर चालेल, पण ‘त्यांच्या मते’ असं नाव घेऊन. त्याच सुमाराला डावीकडचं ‘ऑक्युपाय डेमोक्रॅट्स’ही असंच बाद झालं. त्याआधी २०१७ मध्ये ब्रिटनचं ‘डेली मेल’. कुणी कोणत्या बाजूचं आहे एवढ्यावरून ही यादी बनत नाही. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चं संपादकीय पान उजवीकडे झुकलेलं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांच्या बातम्या तिथे बिनदिक्कत चालतात. चूक झाली की दुरुस्ती छापतात का, मथळा बातमीशी इमान राखतो का, हे बघितलं जातं.

अशा प्रश्नांवर रीतसर कौल मागितला की तो साधारण तीस दिवस उघडा राहतो. नंतर वादात न पडलेला एखादा अनुभवी सदस्य बसतो आणि सगळं वाचून निकाल लिहितो. हात मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. हे नव्यांना पटत नाही. एकदा एका संकेतस्थळाच्या वर्णनावर कौल चालू असताना आदल्या दिवशी उघडलेली नऊ खाती आली. नवांनीही जवळजवळ तेच वाक्य लिहिलं, एकाने तर त्यातली टंकनाची चूकही तशीच ठेवली होती. निकाल लिहिणाऱ्याने ती नऊ मतं बाजूला काढली. मी त्या नऊ खात्यांच्याच बाजूची होते, तरी मला ते योग्य वाटलं.

आता काकांशी माझा मतभेद. शेरॉडचं प्रकरण लेखात हवंच. पण विशेषण चौथ्या वाक्यात ढकलणं मला मान्य नाही. शोधयंत्रात पहिलं वाक्य दिसतं, फोनला विचारलं तर तो पहिलं वाक्य वाचून दाखवतो. बहुतेक लोक चौथ्या वाक्यापर्यंत पोचतच नाहीत. अभ्यासक आणि मोठी वृत्तपत्रं ज्या शब्दाने एखाद्याची ओळख करून देतात तो शब्द आपण संकोचाने मागे ठेवला, तर तोही पक्षपातच झाला.

सह्यकडा

तुम्ही दोघांनी मनापासून लिहिलंत, पण माझी खरी हरकत तशीच राहिली. ही ‘मोठी वृत्तपत्रं’ कोणती? बहुतेक उदारमतवादी बाजूची. त्यांचे ब्राइटबार्टशी उभे वैर. त्यांचे शब्द घ्यायचे, आणि ब्राइटबार्टचे स्वतःबद्दलचे शब्द मात्र घ्यायचे नाहीत, कारण ते अविश्वसनीय ठरलेत! ठरवलं कुणी? त्याच वृत्तपत्रांच्या आधारे तुम्हीच. शेजाऱ्याचं चारित्र्य त्याच्या भाऊबंदाला विचारण्यासारखं आहे हे. विकिपीडियाचे एक संस्थापक लॅरी सँगर हेच म्हणतात की तटस्थता उरलेली नाही.

निवृत्त_उपसंपादक

हरकत वजनदार आहे आणि मी ती टाळणार नाही. संदर्भ कुठून येतात यावर वर्णन ठरतं, आणि संदर्भ देणारे सगळे एकाच गावचे असतील तर वर्णनालाही त्या गावची बोली लागते. म्हणून भाऊबंदांपलीकडचे साक्षीदार शोधायचे. इथे दोन सापडतात.

पहिला साक्षीदार घरचाच. अँड्र्यू ब्राइटबार्ट मार्च २०१२ मध्ये वारले, मग कारभार स्टीव्ह बॅनन यांच्याकडे आला. त्यांनी २०१६ मध्ये ‘मदर जोन्स’ या मासिकाच्या पत्रकाराला सांगितलं की आम्ही ‘ऑल्ट-राइट’चं, म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्ववादाशी जोडल्या गेलेल्या नव्या अतिउजव्या चळवळीचं, व्यासपीठ आहोत. हे शत्रूने लावलेलं लेबल नाही, कारभाऱ्याचं स्वतःचं बोलणं आहे. पुढे आपल्याला त्यातून वंशवाद अभिप्रेत नव्हता असंही ते म्हणाले, तेही लिहायला हवं.

दुसरा साक्षीदार आकड्यांचा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासकांनी एप्रिल २०१५ पासून २०१६ च्या मतदानाच्या दिवसापर्यंतच्या साडेबारा लाखांहून अधिक बातम्या घेतल्या आणि कोण कुणाचा दुवा देतं, कुणाची बातमी कोण पुढे पाठवतं हे तपासलं. ब्राइटबार्टभोवती उजव्या माध्यमांचं एक वेगळंच जाळं तयार झाल्याचं त्यांना दिसलं. कुणाला आवडो न आवडो, हे मोजलेलं आहे. माझ्या मुख्य उपसंपादकांनी यावर पेन्सिल मारली नसती.

आणि अटलांटिकपार ताई, पहिल्या वाक्याबाबत तुमचं ऐकतो. आमच्या काळी वाचक बातमी शेवटपर्यंत वाचायचा, या समजुतीवर मी बसलो होतो. विशेषण वर येऊ दे, फक्त त्याला धनी हवा.

सह्यकडा, तुमच्या मूळ सूचनेला मात्र माझा नकार आहे. वर्णनच दिलं नाही, तर ज्याला काहीच ठाऊक नाही असा कराडचा वाचक ‘बातम्यांचे संकेतस्थळ’ वाचून पीटीआयसारखी एखादी वृत्तसंस्था समजेल. गप्प राहूनही चुकीची माहिती देता येते.

सह्यकडा

बॅनन यांचं स्पष्टीकरण सोबत जाणार असेल, आणि ‘अतिउजवे’ हे विकिपीडिया म्हणत नसून अमुकअमुक म्हणतात हे स्पष्ट असेल, तर मी आडवा येणार नाही. पटलं असं नाही, पण तुमचं संपादन उलटवणार नाही.

मुक्ता_कराड

सगळ्यांचे आभार. काल रात्री पुन्हा बसले. आता असं झालंय:

‘ब्राइटबार्ट न्यूज हे अँड्र्यू ब्राइटबार्ट यांनी २००७ मध्ये स्थापन केलेले, अमेरिकेतील बातम्या व मते प्रसिद्ध करणारे संकेतस्थळ असून अनेक अभ्यासक व वृत्तपत्रे त्याचे वर्णन अतिउजवे असे करतात. २०१६ मध्ये त्याचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बॅनन यांनी ते ऑल्ट-राइटचे व्यासपीठ असल्याचे म्हटले होते. या शब्दातून वंशवाद अभिप्रेत नसल्याचे त्यांनी नंतर सांगितले.’

त्याखाली शेरॉड प्रकरणाचा स्वतंत्र विभाग. त्यात ‘बदनामी’ हा शब्द लिहिला होता, तो काका तुमची लाल पेन्सिल आठवून काढला आणि राजीनाम्याची, माफीची अशा दोन्ही तारखा टाकल्या. ‘अनेक अभ्यासक’ला तीन संदर्भ जोडलेत, त्यातला एक हार्वर्डचा. तो ‘अतिउजवे’ म्हणत नाही, ‘उजव्या माध्यमांचं वेगळं जाळं’ एवढंच म्हणतो, हे आत्ता हे लिहितानाच लक्षात आलं. म्हणजे तो तिथून उचलून जाळ्याच्या वाक्याला लावायला हवा. करते.

उद्या सकाळी धूळपाटीवरून हलवते आणि चर्चा पानावर हे सगळं थोडक्यात लिहून ठेवते. सह्यकडा दादा, तिथे पहिली हरकत तुम्हीच नोंदवा.